७,००० पौंडांचं घर : प्रकल्प नोंदी, वर्ष दुसरं

नोंदी ठेवायची सवय नोकरीतली. २८ वर्षं माती आणि काँक्रीट तपासायच्या प्रयोगशाळेत काढली. तारीख टाकल्याशिवाय नमुन्याला हात लावायचा नाही, हा तिथला नियम. शिकागोजवळचं घर विकून ट्रेलरमध्ये राहायला लागलो त्याला आता दीड वर्ष होईल. पहिल्या वर्षाची वही रडगाण्यानेच भरली आहे, ती कुणाला दाखवत नाही. ही दुसरी. नवऱ्याचं नाव नोंदींत 'अहो' असंच येईल. इतक्या वर्षांत दुसऱ्या नावाने हाक मारली नाही, आता वहीत कशाला मारू?

ट्रेलर २४ फुटी, दोन आसांचा. कारखान्याने ठरवून दिलेली वजनाची मर्यादा ७,००० पौंड. त्यात भिंती, गादी, फ्रिज, गॅस, पाणी, कपडे, देव आणि ज्वारीचं पीठ सगळं आलं. यंदाचं काम : कॅन्ससमधून निघून गवताच्या मैदानांतून साउथ डकोटातल्या ब्लॅक हिल्स डोंगरांपर्यंत जायचं आणि थंडीच्या आत परत यायचं, मर्यादेत राहून.

१८ मार्च. विचिटाच्या दक्षिणेला, कॅन्सस

ट्रकवाल्यांच्या तळावर वजनकाटा असतो. पुढची चाकं पहिल्या पाटावर, ट्रकची मागची दुसऱ्यावर, ट्रेलरची तिसऱ्यावर. खिडकीतून हात काढून खांबावरचं बटण दाबायचं, आणि आत जाऊन चिठ्ठी घ्यायची. मग ट्रेलर बाजूला सोडून नुसता ट्रक पुन्हा काट्यावर.

वणीच्या बाजारात आमची कापसाची बंडी अशीच काट्यावर चढायची. भरली बंडी वजा रिकामी बंडी म्हणजे कापूस. बाबा चिठ्ठी दोनदा वाचायचे. मीही दोनदा वाचली.

जोडून : पुढे ३,०८०, मागे ३,७८०, ट्रेलरच्या चाकांवर ६,३४०. एकूण १३,२००.
नुसता ट्रक : ५,९६०.

म्हणजे ट्रेलर ७,२४०. त्यातले ९०० पौंड हिचवर, ट्रेलर ट्रकला जोडतो त्या सांध्यावर, म्हणजे साधारण साडेबारा टक्के. हा आकडा दहा ते पंधरामध्ये लागतो. हिचवरचा भार कमी पडला की ट्रेलर वेगात शेपूट हलवायला लागतो आणि मग ट्रकचं काही चालत नाही. तर तेवढं ठीक. पण मर्यादेच्या वर २४० पौंड.

अहो म्हणाले, "कारखानेवाले थोडं राखूनच सांगतात."

हे वाक्य मी २८ वर्षं कंत्राटदारांच्या तोंडून ऐकलं आहे.

२० मार्च. तिथेच

एक गॅलन पाणी ८.३४ पौंड. आमची टाकी ५० गॅलनची, म्हणजे ४१७ पौंड. टाकी तिसरा हिस्साच भरून चालवली तर २७८ पौंड तिथल्या तिथे उतरतात आणि प्रश्न मिटतो, असं अहोंचं म्हणणं. पण मार्च-एप्रिलमध्ये नेब्रास्कातल्या बऱ्याच सरकारी तळांवर नळ गोठायच्या भीतीने बंद असतात. पाणी खाली करून सामान वाचवायचं म्हणजे घागर फोडून उतरंड राखण्यासारखं. सामानच काढलं.

पुस्तकं ६२. हत्यारं ४८ (सगळी 'लागतील' अशीच होती). छोटा जनरेटर ४६, छतावर ४०० वॉटची सोलर पॅनेल असताना तो नुसता बसून होता. डबाबंद भाज्या ४०. इडलीचा रगडा २६. जाड रजया १४. इस्त्री आणि तिचं टेबल १२. लोखंडी खलबत्ता ११. बेरीज २५९.

रगडा आणि खलबत्ता एका गुजराती मोटेलवाल्या बाईंना दिला. त्यांनी खलबत्ता हातात तोलून पाहिला आणि 'परत लागला तर ये' म्हणाल्या. २० इंची परातीवर वाद झाला. एवढ्याशा ओट्यावर ती मावत नाही हे खरं. तीन पौंड. ठेवली.

आता ६,९८१. शिल्लक १९ पौंड.

२७ मार्च. कौन्सिल ग्रोव्ह तलाव, कॅन्सस

सरकारी तळ, सीनियर पासमुळे निम्म्या पैशांत. बासष्टी पार केल्याचा हा एवढा फायदा.

फ्लिंट हिल्स टेकड्या म्हणायच्या म्हणून म्हणायच्या, सह्याद्रीवाला हसेल. पण कुठेही उभं राहा, आभाळ गुडघ्यापर्यंत येतं. उंच गवताचं मैदान एके काळी कॅनडापासून टेक्सासपर्यंत होतं. त्यातलं ४ टक्क्यांहून कमी उरलं आहे, आणि त्यातला मोठा तुकडा हा. तो वाचला तो कुणाच्या पुण्याईने नाही. इथल्या चुनखडीत गारगोटीचे थर आहेत, नांगराचे फाळ टिकेनात, म्हणून शेतकऱ्यांनी नाद सोडला आणि गुरं घातली. स्ट्राँग सिटीजवळचा जवळपास ११,००० एकरांचा राखीव भाग १९९६ साली झाला, तिथे २००९ पासून गवेही आहेत. ते ब्लॅक हिल्समधल्या विंड केव्ह उद्यानातून ट्रकने आणले. आम्ही जिथे चाललो आहोत तिथून.

रात्री क्षितिजावर आगीच्या माळा. हे लोक दर वसंतात कुरणं मुद्दाम पेटवतात. नाही पेटवली तर झुडपं आणि सीडरची झाडं गवत गिळतात, आणि जळलेल्या कुरणावर फुटलेल्या कोवळ्या गवतावर वासरं जास्त वजन धरतात. वजनावर डोळा असलेली मी एकटीच नाही तर. वास थेट उन्हाळ्यात पऱ्हाट्या जाळतात तसा. दोन दिवस अंथरुणाला येत होता.

३१ मार्च. कर्नी, नेब्रास्का

पहाटे साडेपाचला प्लॅट नदीवरच्या जुन्या रेल्वेपुलावर. २१ फॅरेनहाइट, म्हणजे शून्याखाली सहा. अंधारात आधी आवाज आला. लाकडी गाड्याची न वंगणलेली हजार चाकं एकदम फिरावीत तसा. मग उजाडत गेलं आणि नदीतली वाळूची बेटं हलायला लागली. ती बेटं नव्हतीच. क्रौंच होते, सँडहिल क्रेन.

दर वर्षी फेब्रुवारी ते एप्रिल पाच लाखांहून जास्त पक्षी या नदीच्या ऐंशीएक मैलांत उतरतात. दिवसा शेतात सांडलेला मका खायचा, रात्री उथळ पाण्यात उभं राहून झोपायचं, म्हणजे कोल्हा आला तर पाणी वाजतं. इथे चरबी चढवून ते पुढे कॅनडा, अलास्का, काही तर सैबेरियापर्यंत जातात. आपल्या गोंदियाच्या भातखाचरांतला सारस याच्याच कुळातला, शास्त्रीय नावातला पहिला शब्दही एकच. गोंदियात सारस मोजायला बोटं पुरतात की काय अशी वेळ आहे, आणि इथे आकडा लाखांत. शेजारच्या बाईंना सांगायला गेले, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. बरोबरच होतं.

परत येऊन पाहते तर बॅटरी भरत नव्हती. लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज करू नये, आत धातूचा थर बसतो आणि ती कायमची खराब होते. म्हणून तिचं यंत्रच चार्जिंग तोडतं. आमच्या दोन्ही बॅटऱ्या पुढच्या दांड्यावर, उघड्यावर. छतावर लख्ख ऊन आणि बॅटरी उपाशी. अहो दोनदा जनरेटरबद्दल बोलले. जनरेटर असता तरी बॅटरीने घेतलं नसतं, हे मी त्यांना तीनदा सांगितलं.

१ एप्रिल

पाण्याची नळी रात्री बाहेर राहिली. फुटली. कुणाकडून राहिली हे नोंदवत नाही.

२ एप्रिल

बॅटऱ्या आत, पलंगाखाली. दांड्यावरून ५२ पौंड उठून आसाजवळ आले, हिचवरचा भार कमी झाला. तो सांभाळायला हत्यारांची उरलेली पेटी पुढच्या कप्प्यात. एक वस्तू हलवली की दुसरी हलवावी लागते. सासरचं घर लावताना असंच व्हायचं.

२० एप्रिल. हॅल्सी, नेब्रास्का. हायवे २

वाऱ्यापायी कर्नीतच अडकून पडलो होतो. आमचा नियम : झोत ३५ मैलांच्या वर असतील तर ट्रेलर हलवायचा नाही. या मैदानात वारा आडवा येतो आणि ट्रेलर म्हणजे २४ फुटी शीड. आज निघालो तर समोरून वारा, गॅलनला सात मैल. एरवी नऊ पडतात.

सँडहिल्स. वाळूच्या टेकड्या, वर गवताचं पातळ कातडं. जवळपास १९,००० चौरस मैल, म्हणजे निम्मा विदर्भ. पाऊस पडला की वाहत नाही, मुरतो. ओगालाला जलधराचं, म्हणजे या मैदानांखालच्या पाण्याच्या साठ्याचं, सर्वांत जाड भांडार या वाळूखाली आहे. दोन टेकड्यांमधल्या खोलगटात पाणी आपोआप वर येऊन तळी झाली आहेत. गुरांसाठी पवनचक्की आणि पत्र्याचं गोल टाकं. मैलोन्‌मैल दुसरं काही नाही, सोबतीला फक्त कोळशाच्या मालगाड्या. मी डबे मोजायला लागले आणि सव्वाशेच्या पुढे सोडून दिलं.

हॅल्सीचं जंगल माणसांनी हातांनी लावलेलं. इथे १९०२ मध्ये रोपवाटिका निघाली, चार्ल्स बेसी नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हट्टामुळे. वाळूत पाईन वाढतो हे त्याला दाखवायचं होतं. वाढला. २०२२ च्या वणव्यात बराच भाग जळाला, काळे खांब अजून उभे आहेत. गवताळ रानाला आग लागते हे गवत विसरत नाही, झाडं लावणारे विसरतात.

हवामानाचा रेडिओ लावायचं काम आज शिकले. त्यात काउंटीचा सहा आकडी संकेतांक भरावा लागतो, तरच वादळाचा इशारा आला की तो रात्री किंचाळून उठवतो. घरात राहणाऱ्याने एकदा भरला की संपलं. आम्हाला दर मुक्कामाला आधी हे शोधावं लागतं की आपण नेमके कुठल्या काउंटीत आहोत. इथल्या काही काउंट्यांत सगळी मिळून हजार माणसं नाहीत. आता दारामागे कागद चिकटवला आहे : गाव, काउंटी, संकेतांक, जवळचा पक्का आडोसा.

ट्रेलर हा आडोसा नव्हे. चक्रीवादळात (टॉर्नेडोत) सर्वांत आधी उडतो तो तोच. त्यामुळे तळावर पोचलं की मी सामायिक संडास-न्हाणीघराच्या भिंती बोटाने वाजवून बघते, ठोकळे भरीव आहेत की पोकळ. लोक बघतात. बघोत.

४ मे. स्कॉट्स ब्लफ, नेब्रास्का

चिमनी रॉक दुपारभर दिसत राहिला, जवळ येईना. ऑरेगॉनच्या वाटेने जाणाऱ्यांनी डायऱ्यांत सर्वांत जास्त उल्लेख याचाच केला आहे, आणि मला कळतं का. मैदानात इतके दिवस काहीही उभं नसताना हा एक दगडी दांडा.

१८४० ते १८६० च्या दशकांत तीनेक लाख माणसं या वाटेने पश्चिमेला गेली. बैलगाडी, वर मेणकापडाचं छप्पर, आत साधारण २,००० पौंडांचा भार, दिवसाला दहा-पंधरा मैल. छकड्यात घर घालून निघालेले हे आमचे पूर्वज, पण एक फरक : त्यांतले बरेच जण स्वतः पायी चालत, कारण गाडीतली जागा सामानाला. आणि तरी सामान जास्तच व्हायचं. फोर्ट लॅरमीच्या आसपास लोखंडी चुली, बिडाची भांडी, खारवलेल्या मांसाचे ढीग रस्त्याकडेला टाकून दिलेले असत. बैल मरायला लागले की माणूस काय ठेवायचं ते पटकन ठरवतो. मृत्यू मात्र जास्त झाले ते कॉलऱ्याने, वाटेतल्या पाण्याने.

मिचेल पासमध्ये त्या गाड्यांनी पाडलेली चाकोरी अजून आहे. तिच्यात उतरून चालले. अहो वरून म्हणाले, "रगडा टाकून दिला त्याचं फार मनाला लावून घेऊ नकोस."

२३ मे. रॅपिड सिटी, साउथ डकोटा

कागदोपत्री आम्ही इथले. पूर्णवेळ फिरणाऱ्यांना कायमचा पत्ता लागतो, आणि साउथ डकोटा एका रात्रीच्या मुक्कामाची पावती बघून वाहन चालवायचा परवाना देतो. राज्याचा आयकर नाही हे अर्ध्या लोकांचं खरं कारण. आमचं टपाल इथल्या एका खोक्यात येतं. सहा महिन्यांचं गोळा केलं, तीन चतुर्थांश कचरा.

गावातून रॅपिड क्रीक वाहते, दोन्ही काठांना लांबलचक हिरवळ, बदकं. वाटतं काय छान बाग. ९ जून १९७२ च्या रात्री डोंगरात ढगफुटी झाली आणि या ओढ्याने २३८ माणसं नेली. त्यानंतर गावाने ठरवलं की पूररेषेत कुणी झोपायचं नाही, घरं उठवली आणि बाग केली. काठावरच एक आरव्ही तळ (राहत्या गाड्यांचा) स्वस्तात मिळत होता, वरच्या अंगाला. मी नको म्हटलं. उंचावरच्या तळाला रात्रीमागे अठरा डॉलर जास्त.

५ जून. कस्टर

ट्रेलर तळावर, नुसता ट्रक घेऊन डोंगरात. नीडल्स हायवेवरचा एक बोगदा जेमतेम आठ फूट रुंद आहे. आरसे मिटले, मी खाली उतरून पुढे चालले, अहो मागून. बोगद्यापलीकडे उभे पंधरा-वीस लोक टाळ्या वाजवायला तयारच असतात. आयर्न माउंटन रोडला ३१४ वळणं, आणि बोगदे असे कोरलेत की माउंट रशमोर चौकटीत येतो. खरं सांगायचं तर तो तिथूनच बघावा, लांबून आणि क्षणभर. १९२७ ते १९४१, डोंगरात कोरलेली चार राष्ट्राध्यक्षांची डोकी, साठ-साठ फूट. जवळ जाऊन गाडी लावायचे पैसे भरले (पास चालत नाही) आणि जास्त काही दिसलं नाही.

विंड केव्ह मात्र मनातून जात नाही. १९०३ पासूनचं राष्ट्रीय उद्यान, आत दीडशे मैलांहून जास्त वाटा मोजून झाल्यात, छताला पोळ्यासारख्या दगडी जाळ्या. पण मला धरून ठेवलं ते मूळ तोंडाने. ओणवं होऊनच आत जाता येईल एवढं भोक. १८८१ मध्ये दोन भावांना ते सापडलं, आतून आलेल्या वाऱ्याने एकाची टोपी उडवली. गुहा श्वास घेते : बाहेरचा हवेचा दाब उतरला की आतून वारा बाहेर, दाब चढला की बाहेरून आत. मी रुमाल धरला. बाहेर फडफडला. म्हणजे दाब उतरतोय, हवा बिघडणार. संध्याकाळी पाऊस आला. रेडिओ त्यानंतर वीस मिनिटांनी ओरडला.

इथल्या मूळच्या लाकोटा लोकांच्या कथेत माणसं या भोकातून पृथ्वीवर आली. त्यांच्या मागोमाग गवे. हे वाचल्यावर तिथे मोठ्याने बोलवेना.

२३ जून. वॉल गावाजवळ, बफेलो गॅप गवताळ रान

कड्याच्या काठावर फुकटचा मुक्काम, १४ दिवस राहता येतं. नळ नाही, वीज नाही, खाली बॅडलँड्सच्या रंगीत पट्ट्यांची घडी पसरलेली. गावात टाकी काठोकाठ भरली, कारण आता चालायचं फक्त सात मैल. संध्याकाळी अहोंनी वीस वेळा तरी 'वा' म्हटलं.

२४ जून

रात्री दोन तास पाऊस. सकाळी ट्रक काढायला गेले, तर पाऊलच उचलेना. दोन्ही बुटांना बशीएवढी माती.

इथे तिला गंबो म्हणतात. ज्वालामुखीच्या राखेची झालेली बेंटोनाइट चिकणमाती, तिच्यात मुख्य खनिज माँटमोरिलोनाइट. आपल्या काळ्या कापसाच्या जमिनीतही तेच. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरतं, माती फुगते, पकडते, मग वाळताना आक्रसून भेगाळते. मी आयुष्यभर हीच माती पितळी कपात घालून, मधे चर पाडून, २५ ठोक्यांत चर मिटते का ते पाहिलं. त्याआधी लहानपणी हिच्यातच चपला सोडून घरी आले. आणि काल कोरड्या जमिनीवर पोपटपंची करत उभी राहिले, 'बघा कशी लाह्यांसारखी फुटलीये'. लाह्यांसारखी फुटलेली पाठ म्हणजेच फुगणारी माती, हे मी दुसऱ्याला शिकवत असे.

ट्रक दोन फूट हलला आणि चाकांची खोबण भरून गुळगुळीत झाली. शेजारचा एक व्हॅनवाला जोर लावत राहिला, तो आता आसापर्यंत आत आहे. दुपारी कुंपणापलीकडून एक गुराखी आला, आमच्याकडे बघून एवढंच म्हणाला की वारा सुटला आहे, वाट बघा.

२५ जून

वाट बघतो आहोत. पाणी ३४ गॅलन. शॉवर बंद, तांब्या-बादली चालू : माणशी दीड गॅलन. शॉवरला पाच जायचे. हे मी पहिल्या वर्षीच करायला हवं होतं. भांडी एका टोपात. ग्रे टाकी (साबणाच्या पाण्याची) अर्धी. ब्लॅक (संडासाच्या) टाकीबद्दल विचार करायचा नाही असं ठरलं आहे.

२६ जून

दुपारी वरची साय वाळली, आम्ही निघालो. अहोंनी एकही शब्द न बोलता गाडी काढली. चाकांखालून ढेकळं निघून मागे ट्रेलरवर धाडधाड बसत होती. टाक्या रिकाम्या करायच्या डम्प स्टेशनवर आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे साबणाचं पाणी नळी धुऊन नेतं. मग सहा डॉलरची नाणी घालून चाकं धुतली. किती पौंड माती निघाली ते मोजायची फार इच्छा होती.

नवा नियम : चिकणमातीवर मुक्काम करायचा तर पुढच्या तीन दिवसांचा अंदाज कोरडा हवा. कागदावर लिहिलं, दारामागे.

३० जून. पाइन रिज

ट्रेलर मागे ठेवून वुंडेड नीला गेलो. २९ डिसेंबर १८९० ला इथे अमेरिकी सैन्याने लाकोटांचा तळ गोळ्या घालून संपवला. मेलेल्यांचे आकडे दीडशेपासून तीनशेपर्यंत दिले जातात, त्यात बायका आणि मुलं फार. टेकडीवर एक दफनभूमी, तारेचं कुंपण, त्याला बांधलेल्या कापडाच्या चिंध्या. दुकान नाही, रेलिंग नाही.

१८६८ च्या तहात ब्लॅक हिल्स त्यांच्या होत्या. सोनं सापडलं आणि त्या गेल्या. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई द्यायला सांगितली, व्याजासकट दहा कोटी डॉलरांच्या वर. त्यांनी घेतली नाही. जमीन विकायची नव्हती, असं त्यांचं म्हणणं. पैसे अजून पडून आहेत, वाढताहेत. ५ जूनच्या नोंदीत मी 'ट्रक घेऊन डोंगरात' असं लिहिलं आहे, कुणाच्या डोंगरात ते लिहिलं नव्हतं.

११ जुलै. कडोका

संध्याकाळी साडेसहाला आभाळ हिरवट. रेडिओ वाजला, काउंटी बरोबर होती. न्हाणीघरात अकरा माणसं, दोन कुत्रे, एक पोपट. लिंबाएवढ्या गारा, आठ मिनिटं. इथून साठेक मैल पूर्वेला व्हिव्हियन गावी २३ जुलै २०१० ला पडलेली गार अमेरिकेतली सर्वांत मोठी : आठ इंच व्यास, १.९४ पौंड. हे मला तेव्हाच आठवायची गरज नव्हती.

छताच्या दोन्ही १४ इंची झाकणांचा चुरा. पलंगावर पाणी. देवांचा डबा कोरडा. एका भोकावर प्लॅस्टिक आणि चिकटपट्टी, दुसऱ्यावर अहोंनी शोधून शोधून काय आणलं तर परात. पालथी घातली, चारी कोपरे झाकले गेले. रात्री पुन्हा गारा आल्या तेव्हा ती मंदिरातल्या घंटेसारखी वाजत होती.

५ ऑगस्ट

स्टर्जिसचा मोटरसायकल मेळा, १९३८ पासूनचा. लाखो फटफट्या, तळांचे दर दुप्पट-तिप्पट. डेव्हिल्स टॉवर हा वायोमिंगमधला दगडी सुळका बघायचा राहिला. दक्षिणेला पळालो.

२९ सप्टेंबर. लेक स्कॉट, पश्चिम कॅन्सस

मधले सात आठवडे नेब्रास्कात, एकाच तळावर, दातांची कामं. त्यात नोंदण्यासारखं काही नाही.

इथे खडूचे सुळके बघायला आलो होतो. मैदानाच्या जागी एके काळी समुद्र होता, त्याच्या तळाचा खडू. लिटल जेरुसलेम नावाचं उद्यान २०१९ मध्ये खुलं झालं, सुरेख आहे. पण वाटेत मीच ओरडून ट्रक थांबवला.

ज्वारी. क्षितिजापर्यंत ज्वारी. कमरेएवढीच, कंबाइनमध्ये जावी म्हणून बुटकी केलेली, आणि कणसं विटकरी लाल. इथे तिला मायलो म्हणतात. अमेरिकेत सर्वांत जास्त ज्वारी कॅन्ससमध्ये होते हे माहीत होतं, पण मार्चमध्ये नुसता धसकटांचा रस्ता दिसला होता. बांधावर उभी राहिले आणि एक कणीस हातावर चोळलं. हुरड्याचे दिवस गेले होते, दाणा टणक.

शेताचा मालक पिकअप घेऊन आला, काय मोडलंय विचारायला. मी सांगितलं, हे आम्ही खातो. त्याला पटेना. त्याची ज्वारी गुरांना आणि इथेनॉलला जाते. आधी मका घ्यायचे, गोल फिरणाऱ्या फवाऱ्यांवर. पण विहिरींची पातळी त्याच्या आजोबांपासून खाली खाली चालली आहे, आणि ज्वारीला पाणी कमी लागतं. सँडहिल्समध्ये तळी होऊन वर येणारा तोच ओगालाला इथे तळ दाखवतो आहे. "माझ्या वडिलांनीही कपाशीनंतर ज्वारीच घ्यायची," म्हटलं, "पाणी नसायचं म्हणून." त्यावर तो आमच्या ट्रेलरकडे बघून म्हणाला की एक बुशेल न्या.

बुशेल म्हणजे ज्वारीचे ५६ पौंड. पैसे घेतले नाहीत. मी लोणच्याची बरणी दिली.

२ ऑक्टोबर. ओकलीजवळ

काटा. टाकी तिसरा हिस्सा भरलेली, बुशेल पलंगाखाली बॅटऱ्यांशेजारी. ट्रेलर ६,९३६. शिल्लक ६४.

दळायचं कुठे हा प्रश्न अहोंनी दोन दिवस विचारला. शेजारच्या मोटरहोममधल्या बाई घरी पाव भाजतात, त्यांच्याकडे छोटी विजेची चक्की निघाली. पाखडायला सूप नव्हतं, परातीतच पाखडली. परातीला गारांचे पोचे पडले आहेत, पीठ त्यांत अडकतं. भाकऱ्या तांबूस झाल्या, कडेला चिरा गेल्या, तरी फुगल्या.

वहीत ६,९३६ मधून दोन वजा करत होते. अहो तिसरी भाकरी मोडत म्हणाले, "अगं, ते दोन पौंड आता ट्रकच्या रकान्यात धर."